गाव उठलं, मांजरं राहिली

मागच्या उन्हाळ्यात आमचं गाव उठलं. आमच्याकडे, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, 'गाव उठलं' हे मी दोनच कारणांसाठी ऐकलंय. पूर्वी प्लेग आला की उठायचं, आणि आता धरण आलं की उठतं. पहिला प्रकार आजीच्या तोंडून ऐकलेला, दुसरा डोळ्यांनी पाहिला. पुण्याच्या दोन्ही आत्या आणि नागपूरची मावशी महिनाभर फोनवर एकच विचारत होत्या, "सामान नेलं, देव नेले, ते ठीक. मांजरांचं काय केलं?" प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकतो. उत्तर मात्र जरा लांबचं आहे. मध्ये शंभर वर्षांपूर्वीचा एक गोरा डॉक्टरही येतो. तेव्हा चहा घेऊन बसा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : जिगाव प्रकल्प नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर आहे, १९९० च्या दशकात मंजूर झालेला. त्यात ३२ गावं पूर्ण जातात आणि १५ गावं थोडीफार. आमचं त्या ३२ मधलं. मोजणी झाली तेव्हा भिंती मोजल्या, विहीर मोजली, अंगणातला कडुनिंब आणि मागची दोन बोरीची झाडं लिहून घेतली. मांजरं कुणी लिहिली नाहीत. लिहिणार तरी कुणाच्या नावावर? आमच्या कोठ्यातली मांजर दुपारी शेजारच्यांच्या चुलीपाशी झोपायची आणि रात्री कुठे असायची ते तिलाच ठाऊक.

आमचं घर धाब्याचं. मातीच्या हातभर जाड भिंती, मागे गुरांचा कोठा, कोठ्याला लागून कुटाराची खोली. या कुटारात पिढ्यान्पिढ्या मांजरं जन्मली. आम्ही त्यांना 'आमची' म्हणायचो, पण त्यातल्या एकीनेही कधी अंगाला हात लावू दिला नाही. आई ताकात भाकर कुस्करून वाडगं कोठ्यात ठेवायची आणि पाठ फिरवून घराकडे निघायची. ती दारात पोचली की वरून उड्या पडायच्या. शेवटी शेवटी तिघं होती. एक भुरी, दुसरी तिची तिरंगी लेक, आणि तिसरा एक फाटक्या कानाचा बोका. त्याला नाव नव्हतं, फक्त शिव्या होत्या.

नवं गावठाण जुन्या गावापासून चार-साडेचार किलोमीटरवर. घरावरचे सागवानी सर, दारं, चौकटी, पत्रे, सगळं ट्रॅक्टरने नेलं. मांजरांसाठी आमच्या चुलतभावाने नेहमीचा उपाय केला. भुरीला एका पोत्यात कोंबलं (त्यात त्याच्या हाताचे जे झालं ते झालं), मोटरसायकलवर घेतलं, आणि वाटेत दोन ठिकाणी थांबून पोतं गरगर फिरवलं. असं केलं की मांजर वाट विसरतं, ही आमच्याकडची खात्रीची समजूत. इंग्रजांच्या देशात म्हणे नव्या घरी मांजराच्या पंजांना लोणी चोपडतात, म्हणजे चाटत बसतं आणि पळायचं विसरतं. आमच्याकडे लोणी आधी माणसांच्या वाट्याला येऊ दे, मग पाहू.

नव्या घरी पोतं सोडलं. भुरी बाहेर पडली, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि शेजारच्या अर्धवट भिंतीवरून जी गेली ती गेलीच. पाचव्या दिवशी भाऊ उरलेले पत्रे आणायला जुन्या गावात गेला, तर बाई कोठ्याच्या भिंतीवर बसलेल्या. मागच्या पायाला जखम, पोट पाठीला लागलेलं.

आई म्हणाली, "सांगतलं होतं ना तुले. मांजर माणसाचं नसते बाप्पा, घराचं असते."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. कुत्रं माणसामागे जातं, मांजर घर धरून बसतं. पण घराला छप्पर उरलं नव्हतं, कुटार नव्हतं, चूल नव्हती. मग ती नेमकं काय धरून बसली होती? हा प्रश्न डोक्यात शिरला आणि मी वाचत सुटलो.

मांजर माणसापाशी आलं तेच मुळी धान्यामुळे, हे आता बऱ्यापैकी सगळे अभ्यासक मानतात. पश्चिम आशियात लोक शेती करू लागले, धान्य साठवू लागले, धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागून रानमांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलंय, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं आहे. हा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मूळची रानमांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी होडीत घालून तिथे नेलं असणार. जगातलं मांजराचं जुन्यातलं जुनं स्थलांतर म्हणायचं ते हे. आपल्याकडचा जुना पुरावा माझ्या विशेष आवडीचा : सिंधमधल्या चान्हुदडो इथे १९३५-३६ च्या उत्खननात एक वीट मिळाली, तिच्यावर मांजराच्या पावलांचे ठसे आणि त्यांच्यावर कुत्र्याच्या पावलांचे. वीट ओली असताना मांजर पुढे पळालं आणि कुत्रं मागे. साडेचार हजार वर्षं झाली, अजून निकाल लागलेला नाही.

म्हणजे मांजराला कुणी कोंडून, खुंट्याला बांधून पाळलं नाही. ते स्वतः आलं आणि त्याच्या सोयीने राहिलं. आमच्या वऱ्हाडात तर त्याची चंगळ असणार. पेवात ज्वारी, तुराट्यांच्या ढोल्यात तूर, कोठ्यात कुटार आणि सरकी. धाब्याच्या घरात उंदराला भिंतीतून वाट काढायला मातीच माती. पेव आमच्या आजोबांच्या वेळेपर्यंत होतं. ते उघडलं की पहिल्यांदा कंदील सोडायचे, आत हवा आहे का पाहायला. असो, पेवाबद्दल पुन्हा कधीतरी.

आता प्लेग. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात सापडला. पुढच्या पंचवीसेक वर्षांत त्याने हिंदुस्थानातली एक कोटीहून जास्त माणसं नेली. पुण्याचं रँड आणि चाफेकरांचं प्रकरण आपल्याला शाळेत शिकवतात, पण वऱ्हाडातही प्लेग आला, हे आमच्या इतिहासाच्या पुस्तकात नव्हतं. यायला वाट तयारच होती. मुंबईहून निघालेली आगगाडी मलकापूर, नांदुरा, शेगाव करत पुढे जायची, आणि जलंबहून खामगावला जाणारा फाटा १८७० मध्येच सुरू झालेला, तिथल्या कापसाच्या बाजारासाठी. गाडीबरोबर धान्याची पोती, पोत्यांबरोबर उंदीर, उंदरांबरोबर पिसवा. १८९८ मध्ये कराचीत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवा प्लेग पसरवतात असं मांडलं, पण ते मान्य व्हायला आणखी आठ-दहा वर्षं लागली.

गावातल्या लोकांना पिसवा ठाऊक नव्हत्या, उंदीर मात्र पक्का ठाऊक होता. आजीला तिच्या सासूने सांगितलेलं असं, की वरून उंदीर 'पडला' की त्याच दिवशी बिऱ्हाड रानात न्यायचं. नुसता मेलेला सापडणं वेगळं आणि डोळ्यांदेखत धाब्याच्या सरावरून खाली पडणं वेगळं. मग शेतात तुराट्या-पऱ्हाट्यांच्या झोपड्या घालायच्या, चार-सहा महिने तिथे राहायचं. सरकारही तेच सांगत होतं, घरं रिकामी करा. गुरं बरोबर, कोंबड्या बरोबर, कुत्रं आपोआप मागून यायचं. मांजरं राहायची गावात. "सासूबाई म्हणे," आजी सांगायची, "राती गावाच्या अंगानं मांजरायचं रडणं ऐकू ये." मला लहानपणी ही भुताची गोष्ट वाटायची. आता वाटतं, त्या रिकाम्या गावात ती मांजरं मरते उंदीर खात असणार.

आणि इथे तो डॉक्टर येतो. लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला माणूस, अमरावतीला सिव्हिल सर्जन. आपल्या वऱ्हाडातलाच म्हणा ना, कारण १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं होतं आणि अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ सगळं एका कारभाराखाली होतं. (बुलढाणा जिल्ह्याला खामगाव आणि जळगाव तालुके मिळाले तेही याच सुमारास, १९०५ मध्ये. आमचं नांदुरा तेव्हा मलकापूर तालुक्यात होतं.) तर या ब्युकॅननसाहेबांच्या लक्षात आलं, की शेजारशेजारच्या दोन गावांपैकी एकात प्लेग येतो आणि दुसऱ्यात येत नाही. त्यांनी गावोगाव घरं किती आणि मांजरं किती याचा हिशेब मांडला. जिथे बऱ्याच घरांत मांजर, तिथे प्लेग कमी, असा त्यांचा निष्कर्ष. १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला, प्लेग रोखणारी मांजरं अशा अर्थाच्या मथळ्याचा. त्याच वर्षी जपानला गेलेल्या रॉबर्ट कॉखनेही, म्हणजे क्षयाचा जंतू शोधणारा तोच, तिथल्या लोकांना प्लेगवर मांजरं पाळायचा सल्ला दिला.

मी हे वाचून खुर्चीतच ताठ बसलो. धरणाच्या मोजणीत ज्यांना रकाना नव्हता, त्यांची मोजदाद याच वऱ्हाडात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी झाली होती, आणि तीसुद्धा सिव्हिल सर्जनकडून!

साहेबांचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं का? मला नाही वाटत. ज्या गावात मांजरं जास्त ते गाव इतर बाबतींतही वेगळं असू शकतं. रेल्वेपासून लांब असेल, बाजाराचं नसेल. शिवाय मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला होऊ शकतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७७ ते १९९८ या काळात मांजरांमुळे प्लेग झाल्याच्या २३ केसेस नोंदलेल्या आहेत. म्हणजे आजीच्या सासूने गावाकडून जे रडणं ऐकलं, ते भुकेचंच होतं की आणखी कशाचं, कोण जाणे. पण उंदीर कमी तर प्लेग कमी, हे त्याचं सूत्र चुकीचं नव्हतं, आणि त्याने मांजराकडे नीट पाहिलं होतं. गावाच्या तब्येतीचा हिशेब करताना मांजर हा त्या हिशेबातला एक आकडा आहे, असं मानणारा अधिकारी त्याच्याआधी किंवा नंतर आमच्याकडे दुसरा झालेला मला तरी माहीत नाही.

प्लेगच्या वेळी एक बरं होतं, की लोक परत यायचे. उन्हाळा तापला, साथ ओसरली की घरं शेणाने सारवून पुन्हा राहायला. मांजरं तिथेच असायची, उरली असतील ती. मालक परत आला एवढाच त्यांच्या बाजूने फरक. जागा धरून बसणं हे त्या वेळी शहाणपणाचं ठरलं. धरणाच्या वेळी तसं नाही. इथे जागाच जाणार आहे आणि भुरीला ते समजावून सांगायची सोय नाही. पूर्णेच्या याच काठावर भोन आहे. डेक्कन कॉलेजने २००० नंतरच्या दशकात तिथे उत्खनन केलं, तेव्हा बावीसेक शतकांपूर्वीचा बौद्ध स्तूप आणि मातीच्या कड्यांच्या विहिरी सापडल्या. तिथून माणसं केव्हा, का उठली कोणाला ठाऊक, पण जागा तरी शाबूत राहिली होती. आता तीही बुडीत क्षेत्रात आहे.

आमच्या घरात यावर दोन पक्ष पडले. चुलतभाऊ म्हणाला, राहू द्या, पोट भरतील त्यांचं त्या. आई म्हणाली, "काय खाऊन भरतीन? गावात दाना नाही तं उंदीर कुठचा?" ब्युकॅननचा अख्खा लेख तिने एका ओळीत सांगितला. काकूंना पापाची भीती. मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, आणि सोन्याचा भाव तुम्हाला माहीतच आहे. मी जरा शहाणपणा करून १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा काढला. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून जाणं हा त्यात गुन्हा आहे. कायद्यापेक्षा सोन्याच्या मांजराचा परिणाम जास्त झाला, हे कबूल करतो.

तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी मला सरळ विचारलं, "मांजर स्वतःहून जागा बदलत नाही असं वाटतं का तुम्हाला?" बदलतं की. पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात ना मांजरीण! मोठ्या मांजराचंही तेच. २०१९ मध्ये टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला गळ्यात कॉलरवाला वाघ यवतमाळ, तेलंगणा, नांदेड असा फिरत सुमारे १३०० किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला, त्याला कुणी पोत्यात घालून आणलं नव्हतं. डॉक्टरांचं म्हणणं असं, की मांजर जागा बदलतं, पण आधी वासाने जागा आपलीशी करून मगच. माहीत नसलेल्या जागी सोडलं की त्याच्यासाठी ती जागा नसतेच, नुसती भीती असते, आणि चार-पाच किलोमीटर म्हणजे परत यायला अगदीच काही नाही. त्यांनी उपाय सांगितला तो साधा होता. मोठा पिंजरा करा, नव्या कोठ्यात ठेवा, तीन आठवडे तिथेच कोंडा. वास जुना हवा, वेळ जुनी हवा, आवाज जुना हवा.

मग कोंबड्यांची जाळी आणून माणूस वाकून आत शिरेल एवढा पिंजरा केला. जुन्या कोठ्यातलं कुटार तीन पोती भरून आणलं, न झाडता, मुद्दाम. त्यांचीच झोपायची गोणपाटं टाकली. एक खोकं आडवं ठेवलं, लपायला. मांजरं पकडायला मात्र आठ दिवस गेले. तिरंगी पहिल्या दिवशी सापडली, सुकटीच्या वासाला भुलून. भुरी आता पोत्याला ओळखत होती. ती शेवटी झाकणाच्या टोपलीत आली, तेही आईने स्वतः कोठ्यात दोन तास बसून. बोका आलाच नाही.

पहिले चार दिवस दोघी खोक्याबाहेर आल्या नाहीत. रात्री जाळीवर चढून ओरडायच्या. नव्या गावठाणातली सगळी मंडळी आधीच झोपेला महाग झालेली, त्यात हे. शेजारचे बाबाराव एकदा पहाटे उठून आले, मला वाटलं भांडायला. त्यांनी पिंजऱ्यापाशी उभं राहून थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मलेही झोप येत नाही इथं." आणि गेले.

आई सकाळ-संध्याकाळ त्याच वेळेला, त्याच वाडग्यात ताक-भाकर ठेवायची आणि तशीच पाठ फिरवून घराकडे जायची. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. तिने त्यांना चुचकारायचा, हात लावायचा एकदाही प्रयत्न केला नाही. पंधराव्या दिवशी ती अजून पाठमोरीच असताना भुरी वाडग्याशी आली. बाविसाव्या दिवशी पिंजऱ्याचं दार उघडलं, रात्री, वाडगं भरण्याआधी, म्हणजे पोट रिकामं असताना. तिरंगी बाहेर येऊन कोठ्याच्या चारही कोपऱ्यांना तोंड घासून परत खोक्यात गेली. भुरी रात्रभर दिसली नाही. सकाळी नव्या कोठ्याच्या पत्र्याखाली, अगदी वर, तुळईवर बसलेली होती. ती तुळई जुन्याच घरातली. हे तिला कळलं होतं असं मी म्हणणार नाही, पण आईने सगळ्यांना तसंच सांगितलं आहे.

दोघींची त्याच डॉक्टरांकडून शस्त्रक्रियाही करून घेतली. नव्या गावठाणात अजून ज्वारी कमी आणि सिमेंट जास्त, त्यामुळे उंदीरही बेताचेच. पण सोयाबीनची पोती घरात आली तेव्हापासून रात्री वर खडबड ऐकू येते. एकदा सकाळी उंबऱ्यात अर्धा उंदीर ठेवलेला होता. आईने तो शेणाच्या टोपलीत टाकला आणि दिवसभर खुशीत होती.

बोका जुन्या गावातच आहे. परवा भाऊ बोरीची लाकडं आणायला गेला तेव्हा तो आमच्या कोठ्याच्या उरलेल्या भिंतीवर ऊन खात होता. बरा दिसत होता म्हणे, कान दुसराही फाटलाय. भावाने सोबत नेलेली भाकर तिथे ठेवली आणि, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, पाठ फिरवून उभा राहिला. आईने त्याला विचारलं, पाणी कुठपर्यंत आलंय. मग तिने पिंजऱ्यातलं जुनं कुटार काढून उन्हात टाकलं, संध्याकाळी पुन्हा आत भरलं, आणि पिंजऱ्याचं दार दोरीने उघडं बांधून ठेवलं.